मधमाश्या पाळायच्या, पण कोणत्या पेटीत ?



गेल्या उन्हाळ्यात उधना भागातील एका उंच इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांचे मोठे मोहोळ लागले होते. रहिवाशांनी आठ-दहा दिवस भीत भीत काढले आणि अखेर एका रात्री माणसे बोलावून ते जाळून टाकले. सकाळी जिन्यावर अर्धवट जळालेल्या माश्यांचा सडा पडला होता. त्या इमारतीत राहणारा नववीतील एक विद्यार्थी ते पाहून शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत त्याने आम्हाला विचारले, "सर, ते मोहोळ पेटीत घालून आपल्या शाळेच्या गच्चीवर ठेवले असते, तर माश्या वाचल्या असत्या ना ? अशी पेटी कोठे मिळते ?"

प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर मात्र सरळ नाही. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिला कितीही सुबक पेटी दिली तरी ती राहणार नाही, हे आम्ही त्याला सांगितले, आणि त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा आठवूनच हा लेख लिहीत आहोत. मधमाशीपालनाची हौस असलेला प्रत्येक जण प्रथम पेटीची चौकशी करतो. वास्तविक चौकशी आधी माशीची करावयास हवी. कोणती माशी आपल्या परिसरात आहे आणि तिला कसे घर आवडते, हे कळले की पेटीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आपल्याकडे आढळणाऱ्या मधमाश्यांचे चार प्रकार आपण डोळ्यांनी पाहू शकतो. पहिली आग्या. ही सर्वांत मोठी. उंच झाडाची फांदी, कड्याची कपार, पुलाची कमान किंवा टाकीचा तळ अशा ठिकाणी ती उघड्यावर एकच एक अवाढव्य पोळे टांगते. त्याची रुंदी मीटरभरसुद्धा भरते. चिडली तर ती थव्याने पाठलाग करते, म्हणून तिच्या मोहोळाला दगड मारण्याचा धीटपणा कोणीही करू नये. ती फिरस्ती आहे. फुलांचा हंगाम सरला की काही महिन्यांत स्वतःच मुक्काम हलवते. उधन्याच्या त्या रहिवाशांनी थोडे थांबून, टाकीकडचा वावर तेवढा बंद ठेवला असता, तर जाळण्याचा प्रसंग बहुधा आला नसता.

दुसरी फुलोरी. हिला काही भागांत काटेरी असेही म्हणतात. ही अगदी लहान. झुडपाच्या फांदीभोवती ती तळहाताएवढे एकच पोळे बांधते. सुरतेच्या बागांतून, कुंपणाच्या मेंदीतून नीट पाहिले तर ती दिसते. उन्हाळ्यात उसाच्या रसाच्या गाड्याभोवती लहान माश्या घोंघावतात, त्यांत ही हमखास असते. हिलाही उजेडच हवा. जी माशी उघड्यावर एकच पोळे बांधते, तिला अंधाऱ्या पेटीत कोंडून ठेवता येत नाही, एवढा नियम लक्षात ठेवला तरी आग्या आणि फुलोरी या दोघी पेटीच्या हिशेबातून वजा होतात.

तिसरी सातेरी. झाडाची ढोली, दगडी गडग्याची पोकळी, जुने वारूळ अशा अंधाऱ्या जागी ती एकासमोर एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. साधारणपणे ती सात असतात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आमच्यासारख्या कोंकणी बोलणाऱ्या माणसाला मात्र हे नाव ऐकताच वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी सातेरी देवी आधी आठवते. या माशीलाही ओसाड वारूळ घरासाठी चालते, याची लहानपणी आम्हाला मोठी गंमत वाटे. आमच्या घरी मधाला 'म्होंव' म्हणत, आणि म्होंव म्हणजे सातेरीचाच, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती. सह्याद्रीच्या सर्व पट्ट्यात, अगदी डांगच्या अरण्यापर्यंत, ही माशी आहे. ती पाळता येते.

चौथी पोया, म्हणजे नांगी नसलेली चिमुकली काळसर माशी. जुन्या भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या छिद्रात ती मेण व राळ कालवून घर करते आणि षट्कोनी पोळ्याऐवजी लहान लहान कुपीसारख्या भांड्यांत मध साठवते. तिचा मध थोडा, आंबटसर आणि औषधी म्हणून मानलेला. दक्षिण गुजरातेत ती आढळते. तिच्याकडे शेवटी पुन्हा वळू.

या चौघींत एका पाहुणीची भर पडली आहे. युरोपातील मेलिफेरा ही माशी १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलाकडे यशस्वीपणे वाढवण्यात आली आणि तेथून ती देशभर पसरली. आज बाजारात मिळणारा पुष्कळसा मध तिचाच असतो. सातेरीची एक वसाहत वर्षाला चार-पाच किलो मध देईल, तर मेलिफेराची त्याच्या कितीतरी पट देते. व्यापारी दृष्टीने तिची निवड योग्यच आहे. पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागोमाग ट्रकमधून गावोगाव हलवाव्या लागतात, फुले नसतील तेव्हा साखरेचा पाक पाजावा लागतो आणि तिच्यावर पडणाऱ्या बारीक किडीशी सतत झुंजावे लागते. गंमत अशी की ती कीड मूळची सातेरीवरची. सातेरीचा तिच्याशी फार पूर्वीपासूनचा परिचय. ती एकमेकींच्या अंगावरील कीड काढून टाकते आणि तग धरते. गांधीलमाशी अंगावर आली तर शेकडो सातेरी तिला वेढून गोळा करतात आणि अंगाच्या उष्णतेने आतील तापमान ४५ अंशांच्या पुढे नेऊन तिला मारतात. ज्यांना माशीच्या अंगच्या गुणांवर विसंबून, औषधे व साखर टाळून, नैसर्गिक रीतीने मधमाशीपालन करावयाचे आहे, त्यांनी सातेरीकडेच पाहावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पेटीकडे येऊ.

पूर्वी आपल्याकडे मध मिळवणे म्हणजे मोहोळ धुराने झोडपणे, पोळे कापणे आणि ते अंडी-अळ्यांसकट पिळून काढणे. असा मध गढूळ असे, लवकर आंबे, आणि त्या घासासाठी सबंध वसाहत मरे. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या ध्यानात एक लहानशी गोष्ट आली. पोळे आणि पेटीची भिंत यांमध्ये सहा ते नऊ मिलिमीटरांची वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती वाट ये-जा करण्यासाठी तशीच सोडतात. त्याहून अरुंद फट त्या बुजवतात, आणि रुंद असेल तर तेथे नवे पोळे बांधतात. या एका मापामुळे लाकडी चौकटीतले पोळे सुटे उचलता येऊ लागले. मधाच्या चौकटी मधयंत्रात घालून फिरवाव्यात, मध बाहेर पडावा, आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माश्यांना परत द्यावे, ही सोय त्यातून झाली. पुढे १९११ ते १९१७ या काळात फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्लीकडे सातेरीच्या अंगलटीला मानवेल अशी लहान पेटी करून लोकांना शिकवली. ती न्यूटन पेटी म्हणून प्रसिद्ध झाली.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. ग्रामोद्योगांच्या त्या चळवळीत मधालाही स्थान मिळाले, आणि माशी न मारता काढलेल्या मधाची कल्पना लोकांपुढे आली. १९४६ साली महाबळेश्वरास सातेरी पाळण्याचे संघटित काम सुरू झाले. तेथील मध संचालनालय आजही शिकवण्याचे काम करते. १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यांवर तेथील सातेरी पोसली जाते.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. हल्ली नैसर्गिक मधमाशीपालनाचे अभिमानी चौकटीच्या पेटीला नावे ठेवतात. ती पेटी म्हणजे माशीवर लादलेला कारखाना आहे, माशीला तिच्या मनाप्रमाणे पोळे बांधू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. परंतु आपल्या मुलखात चौकट आली ती माशीचा जीव वाचवण्यासाठी आली, हे विसरून चालणार नाही.

मग चौकट नको असलेल्यांजवळ पर्याय कोणते ? एक म्हणजे आडव्या पट्ट्यांची पेटी. १९७० च्या सुमारास केनियात तिला आजचे रूप मिळाले. कल्पना मात्र ग्रीसमधील जुन्या टोपल्यांची. उतरत्या बाजूंच्या लांबट पेटीवर फक्त लाकडी पट्ट्या ओळीने ठेवतात आणि माश्या प्रत्येक पट्टीखाली आपले पोळे टांगतात. चौकट नाही, मधयंत्र नाही. गावचा सुतार ती दोन दिवसांत करील. येथे सारी मेख पट्टीच्या रुंदीत आहे. सातेरीसाठी ती ३० मिलिमीटरांच्या आसपास हवी, मेलिफेरासाठी ३५ च्या. या पाच मिलिमीटरांची हयगय केली की पोळी पट्ट्या सोडून वेडीवाकडी जातात आणि एकही पट्टी मोडतोड न करता उचलत नाही.

दुसरा पर्याय फ्रान्समधील एमिल वारे या धर्मगुरूंचा. त्यांनी आयुष्यभर नाना तऱ्हेच्या पेट्या वापरून पाहिल्या आणि शेवटी सर्वांना परवडेल अशी एक साधी पेटी सुचवली. तिचे चौकोनी कप्पे एकावर एक बसतात. नवा कप्पा वर न चढवता खाली सरकवतात, कारण ढोलीतली माशीही पोळे वरून खाली वाढवत नेते. हिमाचल-उत्तराखंडाकडे तर घराच्या जाड भिंतीतच कोनाडा ठेवून, बाहेरून बोटाएवढे भोक पाडून, माश्या पाळण्याची जुनी पद्धत आहे. आम्हाला ती फार आवडते, पण सुरतेच्या सदनिकेच्या भिंतीत तिची आशा धरू नये.

आमचा कल कोणीकडे, हे सांगण्यापूर्वी आमची फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी असताना आम्ही मोठ्या उत्साहाने एक प्रशस्त दहा चौकटींची पेटी आणवली. ती मेलिफेराच्या मापाची होती. मोठे घर कोणाला नको, असा आमचा भाबडा विचार ! गडग्यातून काढलेली सातेरीची पाच पोळी आम्ही केळीच्या सोपाने चौकटींना बांधून आत ठेवली. चौकटींतील अंतर तिच्या मापाहून जास्त, म्हणून तिने दोन चौकटी जोडून तिरपी पोळी बांधायला घेतली. आम्ही कौतुकाने एक दिवसाआड झाकण उघडत होतो, आणि दर वेळी कोवळे मेण तुटून मध गळत होता. त्या मधावर मुंग्या आल्या. रिकाम्या कोपऱ्यांत मेणकिड्याच्या जाळ्या दिसू लागल्या. पंधराव्या दिवशी पेटी उघडली तर आत एकही माशी नव्हती. सातेरीचा हा स्वभाव आहे : छळ असह्य झाला की ती भांडत बसत नाही, घर सोडून जाते. आमच्या आईने एवढेच म्हटले, "तुवें तिका घर दिलें, पूण रावपाक दिलें ना." तू तिला घर दिलेस, पण राहू दिले नाहीस.

तेव्हापासून नवख्याला आम्ही न्यूटनच्या धर्तीची लहान पेटीच सुचवतो, पण एका बदलासह. चौकटीत छापील मेणपत्रा बसवू नये. वरच्या पट्टीच्या खालून मेणाची केवळ एक रेघ ओढावी आणि पोळे माशीला स्वतःच्या मापाने बांधू द्यावे. आडव्या पट्ट्यांच्या पेटीपेक्षा हिला झुकते माप देण्याचे कारण आपली हवा. पोळ्यातील अंडी-अळ्यांसाठी माश्या आतील तापमान ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतात. बाहेर सुरतेचा एप्रिल-मे चाळिशीला टेकला की त्या पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. तरीही ताजे मेण मऊ पडते. नुसत्या पट्टीला टांगलेले मधाने जड झालेले पोळे अशा वेळी हिसक्यासरशी खाली येते. चौकटीतले चारी बाजूंनी धरलेले असते. शिवाय एक किलो मेण घडवायला माश्यांना सहा-सात किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज सांगतात. चार-पाच किलो मध साठवणाऱ्या सातेरीचे पोळे दर वेळी कापून घेणे म्हणजे तिचा वर्षाचा संसार मोडणे होय. पोळे परत देता येणे ही चौकटीची थोर बाजू आहे. थंड हवेच्या ठिकाणी, सुतार ओळखीचा आणि मधयंत्र दूर, अशी स्थिती असेल तर आडव्या पट्ट्यांची पेटी जरूर करावी.

पेटीत माशी आणण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तिने आपण होऊन येणे. थंडीच्या अखेरीस वसाहती फुटतात आणि राणीसह एक थवा नव्या जागेच्या शोधात निघतो. रिकाम्या पेटीला आतून जुने मेण चोळून ती सावलीत, माणसाच्या डोक्याहून थोडी उंच टांगावी आणि वाट पाहावी. येईल किंवा येणार नाही. आल्यावर पेटी घडवंचीवर ठेवून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला हुसकावून लावण्याच्या खटपटीत पडू नये. आणि पेटी उघडण्याचा मोह आवरावा. दारापाशी पाच मिनिटे उभे राहिले तरी पुष्कळ कळते. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून कामकरी माश्या येत असतील, तर आत राणी अंडी घालीत आहे असे बहुधा समजावे. दारात मेणाचा भुसा पडू लागला, तर मेणकिड्याची शंका घ्यावी. मेलेल्या अळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या, तर जाणकाराला बोलवावे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती अशाच अळ्या मारून ओस पाडल्या होत्या.

मध घेताना मेणाने मोहोरबंद केलेलाच घ्यावा, उघड्या घरांतला पाणीदार असतो आणि आंबतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाऊस फुले धुऊन नेतो. त्या चार महिन्यांचा शिधा पेटीत राहू द्यावा. मध काढून घ्यायचा आणि मग साखरेचा पाक पाजायचा, हा व्यवहार आम्हाला पटत नाही.

ज्यांची गावे खानदेशात सातपुड्याच्या कडेला, कोकणात किंवा डांग-धरमपूरकडे आहेत, त्यांनी हा उद्योग घरच्यांशी बोलून तेथे करून पाहावा. धरमपूरच्या बाजूस मुंबईच्या 'अंडर द मँगो ट्री' या २००९ साली सुरू झालेल्या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतावर सातेरीच्या पेट्या ठेवण्याचे काम केले आहे. तेथील शेतकऱ्याला मधाहून मोठा लाभ आंबा, काजू आणि वेलभाज्यांच्या फळधारणेत होतो.

आता शाळेच्या गच्चीचा प्रश्न. तेथे आम्ही पेटी ठेवणार नाही. शेकडो मुलांची ये-जा, तापणारी लादी आणि सावलीचा अभाव, अशा जागी माशीही सुखी नाही आणि मुलेही नाहीत. कोणाला माशी चावलीच तर नांगी नखाने खरवडून काढावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी; धाप लागली किंवा चेहरा सुजला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आम्ही पेटीऐवजी एक वही दिली. शाळेच्या आवारात दिसेल ती मधमाशी, दिवस आणि फूल टिपायला सांगितले. दिवाळीपर्यंत त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मेंदीच्या कुंपणातील फुलोरीची दोन पोळी शोधली. शेवगा, कडुनिंब, तुळस यांवर येणाऱ्या माश्यांच्या नोंदी केल्या. आणि नोव्हेंबरात त्यांना सायकली ठेवण्याच्या जागेमागील जुन्या विटांच्या भिंतीत, राळेचे बोटभर नळकांडे बाहेर आलेली पोयाची वसाहत सापडली. ती तेथे किती वर्षे होती कोण जाणे; आम्ही रोज तिच्यासमोर सायकल लावीत होतो.

या सुट्टीत त्या भिंतीला गिलावा व्हायचा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिघांनी त्या भेगेभोवती खडूने वर्तुळ काढले आहे, आणि तेवढी वीतभर जागा सोडण्याचे गवंड्याने कबूल केले आहे.